मालिका संपली, आवाज फुटला, आता गाणं करायचंय

नमस्कार. तुमचा प्रश्न सविस्तर आहे, त्याचा गाभा आधी मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळेल. तुमचा मुलगा आठव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत एका मराठी मालिकेत नायिकेच्या मुलाचं काम करत होता. मालिकेत दोन-तीन प्रसंगांत तो गायला आणि लोकांना ते फार आवडलं. आता तो चौदा वर्षांचा आहे, नववीत आहे, आणि त्याला गायक व्हायचंय. एक स्टुडिओ दीड लाखात गाणं आणि व्हिडिओ दोन्ही करून द्यायला तयार आहे. तुम्ही विचारता की लोकांच्या लक्षात आहे तोवर हे गाणं काढावं का, रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनला पाठवावं का आणि क्लास कुठला लावावा. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : "हल्ली वरच्या पट्टीत आवाज चिरकतो, म्हणून रोज तासभर वरचे सूर घोटून घेतो."

मी सत्तावीस वर्षं पुण्यात गाणं शिकवते. टीव्हीवर चमकून आलेली बारा-पंधरा मुलं-मुली माझ्यासमोर बसलेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे. स्टुडिओ, शो, क्लास हे सगळं नंतर. वरचे सूर घोटून घेणं आजपासून थांबवा.

तुमच्या मुलाचा आवाज खराब झालेला नाही, तो फुटतोय. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनी, म्हणून तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाच्या बाबतीत अडचण अशी होते की तंतू बदललेले असतात आणि ते ताणणाऱ्या स्नायूंना अजून जुनीच सवय असते. कालपर्यंत तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जेवढा जोर लागायचा तेवढाच तो आज लावतो, आणि आवाज तुटतो. तुटला की मूल घाबरतं, घाबरलं की गळा आवळतं, आणि गळा आवळून गाण्याची ती सवय पुढे आवाज स्थिरावल्यावरही राहते. बदलाचा हा काळ वर्ष-दीड वर्षाचा असतो, कुणाचा त्याहून लांबतो, आणि आवाज खऱ्या अर्थानं पक्का व्हायला सतरावं-अठरावं वर्ष उजाडतं.

यात माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली आहे. असाच एक मुलगा, तेरा संपून चौदावं लागलेलं. गणेशोत्सवात एका मंडळानं त्याला बोलावलं, फलकावर त्याच्या नावाआधी शोचं नाव आणि पुढे 'फेम'. ट्रॅक, म्हणजे मागे वाजणारी तयार साथ, जुन्या पट्टीतला, काळी चारचा, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून. तालमीत तो कसाबसा वर पोचत होता. मंडळाचा ट्रॅक तयार आहे, मुलाचा हट्ट आहे, म्हणून मी हो म्हटलं. खरं तर ट्रॅकची पट्टी उतरवणं हे दोन मिनिटांचं काम. कार्यक्रमात अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. पुढच्या रांगेतली मुलं हसली. त्यानं गाणं पूर्ण केलं, खाली उतरला, आणि पुढचे पाच महिने क्लासला येऊन नुसता तानपुऱ्याशेजारी बसून राहायचा, गायचा नाही. त्याची आई म्हणायची, ओरडा की त्याला. ओरडण्यासारखं त्यानं काहीच केलं नव्हतं. मी त्याला त्या पट्टीत उभं करायला नको होतं.

म्हणून सध्या काय करायचं ते नीट सांगते. मधल्या सप्तकात, आवाज आपण होऊन जिथे सुटतो तिथेच गायचं. तासभर सलग बसण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटं सकाळी, तेवढीच संध्याकाळी. ओठ मिटून गुणगुणणं, मग आकार, मग सोपे अलंकार, मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पासून मधल्या सप्तकातल्या प पर्यंत. सूर खाली जाताना आवाज गडद होतोय म्हणून त्याला गंमत वाटेल आणि तो खर्जात, अगदी खालच्या सुरांत, दाबून गाऊ लागेल, तेही नको. खर्जाची साधना हवी, पण गळ्यावर वजन टाकून नाही. सारखं खाकरणं, मॅचमध्ये किंचाळणं टाळायचं. तुम्ही पुण्यातच राहता म्हणून मुद्दाम सांगते, या वर्षी ढोल-ताशा पथकात नाव घालू नका. पावसाळ्यात नदीपात्रात तालमी सुरू झाल्या की मित्र ओढतात, आणि त्या आवाजावर ओरडून बोलण्यात दोन महिन्यांत गळ्याची दशा होते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून स्वरतंतू बघून घ्या. आल्या-मधावर भागवू नका.

आता तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. तिन्हींच्या मुळाशी एकच भीती आहे, लोक विसरतील ही. ती मला समजते. साडेतीन वर्षं ज्या मुलाला डेक्कनला आईस्क्रीम खाताना लोक थांबवून फोटो काढायचे, त्याच्याकडे आता कुणी बघत नाही. हे मुलाला लागतं आणि आईवडिलांना त्याहून जास्त लागतं. पण नीट विचार करा, लोकांच्या लक्षात काय आहे? आठ-दहा वर्षांचा चेहरा, त्या पात्राचं नाव आणि एक कोवळा आवाज. यातलं आज त्याच्याकडे काहीच उरलेलं नाही. चेहरा बदलला, पात्र वाहिनीचं होतं, आवाज गेला. लोक जे आठवतात ते तुम्ही त्यांना परत देऊ शकणार नाही. त्या आठवणीच्या जोरावर गाणं काढलं तर ऐकणारा तोच कोवळा आवाज शोधत येईल आणि 'पूर्वी किती छान गायचा' असं लिहून जाईल. ती वाक्यं मूल रात्री पांघरुणात मोबाईल धरून वाचतं.

दीड लाखांच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नाही. नैतिक वगैरे काही कारण नाही, व्यवहाराचंच आहे. आज ध्वनिमुद्रित केलेला आवाज नऊ-दहा महिन्यांनी त्याचा नसेल. गाणं कुणाला आवडलं आणि कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तर त्याला ते त्या पट्टीत प्रत्यक्ष गाताच येणार नाही. शिवाय अशा पॅकेजमध्ये बेसूर जागा संगणकावर सुरात बसवल्या जातात, आणि मुलाचा समज होतो की आपण तसेच गायलो. तो समज काढायला मला फार वेळ लागतो. पुढे कधी असं काही केलंच, तर मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची, चॅनल कुणाचं, उत्पन्न कुणाकडे जाणार, हे कागदावर घ्या. अल्पवयीन मुलाशी केलेला करार आपल्या कायद्यात धरला जात नाही, सही तुमची लागते, म्हणजे जबाबदारीही तुमची. आणि 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायकालाही रॉयल्टीत हक्क आहे, तो सही करून सोडून देऊ नका. मालिकेचा जुना करारही काढून बघा. इतर वाहिन्यांवर दिसण्याबद्दलची अट काही मुदतीसाठी त्यात असू शकते.

पैशांचं निघालं आहे म्हणून आणखी एक. बालकलाकारांसाठी 2017 मध्ये आलेल्या नियमांत असं आहे की मुलाच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत ठेवायची आणि ती तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळायची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, हेही त्याच नियमांत आहे. तासांचं जे झालं ते झालं, पण ती ठेव झाली का, पावती कुठे आहे, हे निर्मात्यांकडून लेखी घ्या. अठराव्या वर्षी आवाज पक्का होतो आणि गाण्यावरचा खरा खर्च तेव्हा सुरू होतो. तालीम, साथीदार, चांगला तानपुरा, प्रवास. त्याचेच पैसे त्याला त्या वेळी उपयोगी पडू देत.

रिअ‍ॅलिटी शोबद्दल मी सरसकट नाही म्हणत नाही. 'लिटिल चॅम्प्स'च्या 2008-09 च्या पर्वातले अंतिम पाच जण तुम्हाला आठवत असतील. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, बरोबर आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत. 2021 मध्ये हेच पाच जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. मधली बारा वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम बघायला सांगते. कार्तिकीच्या घरात वडिलांचं गाणं होतं, अभंग हा तिचा भाग राहिला. आर्याच्या आई स्वतः शास्त्रीय गायिका. प्रथमेश आणि मुग्धा शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या अंगानं गात राहिले. रोहित हिंदीत जाऊन 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेता झाला. शो एकच होता, पण पुढे प्रत्येकाला आपला गळा आणि आपला पिंड बघून वाट काढावी लागली, आणि शोच्या आधी त्यांच्यापाशी गाणं होतं. तुमच्या मुलाकडे आत्ता काय आहे? अभिनय आहे, सूर असावा, तालीम नाही. तेव्हा शोला जायचंच असेल तर आवाज स्थिरावल्यावर, सोळाव्या-सतराव्या वर्षी, निदान दोन वर्षं शिकून. अभिनय आणि गाणं दोन्ही चालवता येतं, केतकी माटेगावकरचं उदाहरण पुण्यातलंच आहे. पण तिच्याही घरात आई गायिका, म्हणजे पडद्यावर येण्याआधी घरात गाणं होतंच.

या मुलांना शिकवताना काय मिळतं आणि काय मोडावं लागतं ते सांगते, कारण याच्यावर क्लासची निवड अवलंबून आहे.

मिळतं पुष्कळ. पाठांतर जबरदस्त असतं, वेळ पाळतात, दिवे आणि माणसं बघून घाबरत नाहीत, शब्द स्वच्छ असतात, आणि ओळीतला भाव चटकन पकडतात. भावगीत गायला हे फार मोठं भांडवल आहे. मोडावं लागतं ते वेगळं. सहा-सात वर्षांपूर्वी एक मुलगा आला, मुलांच्या दोन शोमध्ये गाजलेला. पहिल्या दिवशी त्यानं एक भावगीत म्हटलं. हातवारे अगदी बसवलेले, आणि मुखडा संपल्यावर त्यानं टाळ्यांसाठी नेमकी जागा सोडली. खोलीत मी आणि तबलजी दोघंच. टाळ्यांचा वेळ संपल्यावर तो पुढे गेला. मी त्याला तानपुरा लावून दिला आणि म्हटलं, डोळे मिट, आणि दहा मिनिटं फक्त षड्ज लाव. अर्ध्या मिनिटात एक डोळा उघडला. मी त्याच्याकडे बघतेय का, मला आवडतंय का, हे तो बघत होता. सूर स्थिर होता, पण माझ्या चेहऱ्याकडे बघितलं की हलायचा. तो डोळा न उघडता दहा मिनिटं बसायला त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत त्याच्या घरच्यांनी दोनदा विचारलं, नवीन गाणं कधी घेणार. आज तो भावगीतांचे आणि नाट्यपदांचे कार्यक्रम करतो, आणि त्याचं ऐकताना मला तो मिटलेला डोळा आठवतो.

तुमच्या मुलाचं आणखी एक असेल. मालिकेत तुकड्या-तुकड्यानं काम होतं, चुकलं तर परत घेतात. गाण्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं ते एकदाच. म्हणून ट्रॅकवरचं गाणं वर्षभर बंद ठेवा. तबल्याबरोबर, जिवंत माणसाबरोबर, साध्या मध्य लय तीनतालात छोटा ख्याल म्हणू दे. तबलजी चुकला तरी सावरून घ्यायचं असतं, हे ट्रॅक शिकवत नाही.

क्लास निवडताना एक गोष्ट नक्की बघा. आवाज उतरल्यावर त्याची पट्टी बहुधा काळी एक-काळी दोनच्या आसपास येईल. माझ्यासारखी बाई काळी चारला गाते. त्याची पट्टी काळी एक असेल तर माझा षड्ज म्हणजे त्याचा पंचम. मी त्याच्या पट्टीत गाऊन दाखवते, पण मंद्रातला भराव पुरुषाच्या गळ्यातून ऐकणं वेगळं. म्हणून सोळा-सतराच्या पुढचे मुलगे मी बहुतेक वेळा पुरुष गुरूंकडे पाठवते, किंवा दोन्हीकडे चालू ठेवते. घरापासून जवळ, बॅचमध्ये सहा-सातहून जास्त मुलं नाहीत, आणि शिकवणारा माणूस स्वतः रोज रियाज करतो, एवढं पुरे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायला हरकत नाही, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत अभ्यासाला एक चौकट मिळते. पण विशारदचं प्रमाणपत्र आणि अर्धा तास यमन मांडता येणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

ऐकवा भरपूर. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात एक पूर्ण दिवस त्याला बैठकीच्या जागेत घेऊन बसा. पंडित भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सुरू केलेला हा महोत्सव आपल्या गावात आहे, हे पुण्याच्या मुलाचं केवढं भाग्य! समजलं नाही तरी चालेल. एक कलाकार तास-दीड तास एका रागात राहतो आणि हजारो माणसं शांत बसतात, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. रीलच्या तीस सेकंदांत वाढलेल्या मुलाला हे सांगून पटत नाही.

शाळा सोडण्याचा विचार तुम्ही एका वाक्यात बोलून दाखवला आहे, तो मनातून काढा. वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण मी पालकांना नेहमी देते. लहानपणी त्यांनी भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाची भूमिका केली होती. म्हणजे बालकलाकारच. पुढे अनेक वर्षं त्यांनी लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली, गाणं चालू ठेवलं, आणि 'कट्यार काळजात घुसली' आलं 1967 मध्ये, तेव्हा त्यांनी सत्तेचाळीसावं वर्ष गाठलं होतं. लहानपणच्या कृष्णाची आठवण तोवर किती जणांना असेल? ऐकायला आलेले लोक त्या नाटकात त्यांनी रंगवलेल्या खाँसाहेबांच्या गाण्यासाठी आले. मी असं म्हणत नाही की तुमच्या मुलानं सत्तेचाळीस वर्षं थांबावं. दहावी-बारावी नीट होऊ दे. बारावीनंतर गाणंच करायचं ठरलं तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी घेता येते. दुसऱ्या कॉलेजात गेला तर फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अभिनय आणि गाणं दोन्ही एकदम करायला मिळेल, आणि तिथे 'अमुक मालिकेतला' म्हणून कुणी सवलत देत नाही. त्याच्यासाठी ते फार चांगलं.

आणि पोटापाण्याचं स्पष्ट बोलते. पुण्यात गाण्यावर जगणारे बहुतेक जण चार कामं मिळून जगतात. दिवाळी पहाट, लग्नातले संगीत कार्यक्रम, कोरस, जाहिरातींची गाणी, आणि शिकवण्या. तुमच्या मुलाला डबिंगही जमेल, कारण संवादफेक आधीच तयार आहे. गाणं शिकत असताना हे काम आवाजाला सांभाळून करता येतं आणि चार पैसे मिळतात.

आता जे मला इथे बसून ठरवता येणार नाही ते. मी त्याला ऐकलेलं नाही. गायची ओढ त्याची आहे की तुमची, हे फक्त तुम्हालाच कळेल, आणि ते कळायला एक साधा उपाय आहे. महिनाभर त्याच्या गाण्याचं चित्रीकरण पूर्ण थांबवा, पाहुण्यांसमोर 'म्हण रे' म्हणणं थांबवा, आणि बघा तो आपण होऊन गातो का. माझ्याकडची एक मुलगी अशा महिन्यात गाणं विसरूनच गेली आणि आनंदानं बास्केटबॉल खेळायला लागली. तिच्या वडिलांना वाईट वाटलं, पण ती तिच्या मनासारखं जगतेय. दुसरा एक मुलगा जिन्यातून चढता-उतरता, दप्तर पाठीवर, पुटपुटत यमनची सरगम म्हणायचा. शेजारच्या काकूंनी येऊन सांगितलं तेव्हा घरच्यांना कळलं. तुमच्याकडे यातलं काय होईल त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. स्टुडिओला नम्रपणे कळवा की दोन वर्षांनी बघू. एखाद्या जाणकाराकडे त्याला नेऊन, पेटीवर एक-एक स्वर खाली उतरत, त्याचा षड्ज आज कुठे सुखानं लागतो ते बघून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेच करा. वहीत ती पट्टी उतरत गेलेली दिसेल, कधी एकदम दोन स्वरांनी, कधी महिनाभर तिथेच. हे मुलालाच लिहू द्या. आवाज जात नाहीये, कुठेतरी येतोय, हे त्याचं त्याला दिसू दे. सलग तीन महिने पट्टी बदलली नाही की मला कळवा, पट्टी काळी एक आली का पांढरी दोन. मग कुठला राग आधी घ्यायचा ते सांगते.